आधी नोंद, मग पावती

१६ जून २०२५, सोमवार

साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम अखेर माझ्या टेबलावर आला. गाळप चालू असताना त्याला कुणी हात लावू देत नाही; हंगाम संपला की सगळ्यांना एकदम आठवण होते. सी भाषेतला, लिनक्सवर चालणारा, एका जुन्या कंत्राटदाराने लिहून दिलेला. काम मोजकंच आहे. काट्याच्या इंडिकेटरवरून सिरियल केबलने वजन वाचायचं, गाडी नंबर, टोळी आणि शेतकरी कोडासकट फाइलच्या शेवटी नोंद जोडायची, पावती छापायची. तक्रार अशी की पंधरवड्याची ऊस बिलं करताना काही शेतकरी पावत्या घेऊन आले आणि फाइलमध्ये त्यांच्या गाड्याच नाहीत. कारखान्याचा संशय प्रिंटरवर. आपल्याकडे पहिला संशयित प्रिंटरच असतो.

लॉग चाळताना एक ओळ सापडली: ‘नोंद लिहिता आली नाही: सक्सेस’. दुखण्याचं निदान या ओळीतच आहे.

‘राइट’ या सिस्टिम कॉलला आपण सांगतो, इतके बाइट लिही. तो परत येऊन सांगतो, इतके लिहिले. सगळे लिहीन असा शब्द त्याने कधीच दिलेला नाही. डिस्क भरत आली होती. फाइल सिस्टिम जागा देते ती ब्लॉकने, इथे ४०९६ बाइटच्या. नोंदीची लांबी त्या आकड्याला भाग जाणारी नाही, त्यामुळे शेवटची नोंद ब्लॉकच्या सीमेवर आली आणि निम्मीच बसली. राइटने निम्मा आकडा परत दिला. ही एरर नव्हे. काही बाइट तरी लिहिले गेले, म्हणून कॉल यशस्वी. कंत्राटदाराने परत आलेला आकडा अपेक्षित लांबीशी ताडून पाहिला, जुळला नाही म्हणून एररचा मजकूर मागवला, आणि एरर झालेलीच नसल्याने मजकूर आला ‘सक्सेस’. त्याखाली ‘डिस्कवर जागा नाही’ अशा काही ओळी आहेत. त्या उमटल्या त्याही नशिबाने: लॉग त्याच डिस्कवर, पण त्याच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये थोडी जागा उरली होती. ती संपली आणि लॉगही मुका झाला.

डिस्क भरल्यावर सकाळी कुणीतरी जुन्या फाइली काढून जागा केली. पुढच्या नोंदी त्या अर्धवट नोंदीला चिकटून लिहिल्या गेल्या.

कंत्राटदाराला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याने आकडा तपासला होता. एवढंही न करणारा कोड मी ढिगाने पाहिला आहे. तपासला, लॉगमध्ये लिहिलं, आणि लगेच पुढच्या ओळीत पावती छापली.

१७ जून, मंगळवार

आज एर्नोचा, म्हणजे एररचा आकडा ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा, दिवस. टीममध्ये नुकतीच रुजू झालेली मुलगी शेजारी बसून वाचत होती. तिने विचारलं, “सर, कॉल झाल्यावर एर्नो शून्य आहे का एवढंच पाहिलं तर चालणार नाही?” कॉलेजात असंच शिकवलं होतं म्हणे.

“अगं, नाही चालणार.” खाली काय घडतं ते तिला दाखवलं. लिनक्सचा कर्नल एर्नो नावाचं काही ओळखत नाही. कॉल फसला तर तो रजिस्टरमध्ये ऋण संख्या ठेवून परत येतो: फाइल नसेल तर उणे २, जागा नसेल तर उणे २८. उणे १ ते उणे ४०९५ यांच्यामधलं उत्तर आलं की सी लायब्ररी त्याचं चिन्ह उलटवते, ती संख्या एर्नोमध्ये टाकते आणि आपल्या हातात उणे १ ठेवते. कॉल यशस्वी झाला तर लायब्ररी एर्नोला हातही लावत नाही. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने तर कोणत्याही लायब्ररी फंक्शनने एर्नो शून्य करायचा नाही, असंच सांगून ठेवलं आहे. म्हणजे एर्नो हा सोसायटीच्या जिन्यातला फळा. ‘उद्या पाणी येणार नाही’ असं कुणीतरी लिहून जातं, पुसत कुणीच नाही. आज पाणी आहे की नाही ते नळ उघडून बघायचं, म्हणजे परत आलेली किंमत पाहायची. ती वाईट आली तरच कारणासाठी फळ्याकडे वळायचं.

आणि तेही लगेच. या प्रोग्रॅमचं लॉग लिहिणारं फंक्शन आधी वेळ काढतं, लॉगफाइल उघडतं आणि मग एर्नोचा मजकूर मागतं. मधल्या एखाद्या पावलावर दुसरंच काही फसलं की मूळ कारण गेलं. कॉल फसल्यावरची पहिली ओळ एकच: एर्नो एका साध्या इंट व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा. बाकी सगळं नंतर.

तिला जुनी गंमतही सांगितली. पूर्वी प्रिंटएफने बिनबोभाट काम केल्यावरही एर्नोमध्ये २५ सापडायचा. आउटपुट टर्मिनलवर जातंय की फाइलमध्ये, हे लायब्ररी गुपचूप विचारून बघायची. फाइल असेल तर ती चौकशी फसायची आणि तिचा आकडा मागे राहायचा. त्या आकड्याचा युनिक्समधला मूळ मजकूर ‘हा टाइपरायटर नाही’ असा. पत्र पोचलं नाही म्हणून परत आलेल्या ईमेलांत हे वाक्य वाचून त्या काळात कितीतरी लोक चक्रावले असतील.

अपवादही आहेत. रीडडर फोल्डर संपला तरी नल देतं, फसलं तरी नलच. गेटप्रायॉरिटीचं खरं उत्तरच उणे १ असू शकतं. स्ट्रटॉलचंही तसंच. अशा ठिकाणी आधी आपण एर्नो शून्य करायचा आणि नंतर पाहायचा.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, म्हणून घरूनच काम.

दुसरी तक्रार: केबल सैल झाली की प्रोग्रॅम गोठतो, बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. कोडमध्ये गोठू नये याची सोय दिसते. वाचायला सुरुवात करण्याआधी अलार्म लावला आहे. ठरलेल्या वेळेत वजन आलं नाही तर सिग्नल येईल, ‘रीड’ अर्ध्यातून ई-इंटर एरर घेऊन सुटेल. पण सुटत नाही.

याचं मूळ फार मागे जातं. प्रोग्रॅम कर्नलमध्ये काहीतरी वाचत थांबला आहे आणि सिग्नल आला, तर करायचं काय? रिचर्ड गेब्रिएल यांनी ‘वर्स इज बेटर’ या गाजलेल्या निबंधात हाच प्रश्न एमआयटी आणि युनिक्स या दोन घराण्यांतला फरक दाखवायला वापरला. एमआयटीची प्रणाली कॉल गुपचूप मागे नेऊन पुन्हा सुरू करायची धडपड करत होती. युनिक्सने सरळ सांगितलं: आम्ही एरर देऊ, पुन्हा बोलवायचं काम तुमचं. कर्नल साधा राहिला, आणि जगातल्या प्रत्येक सी प्रोग्रॅमरच्या गळ्यात एक लूप पडला. मला निबंध आवडतो, पण तो लूप लिहिताना दर वेळी एमआयटीची बाजू पटते.

१९८३ च्या बर्कलीच्या ४.२ आवृत्तीने काही कॉल आपोआप पुन्हा सुरू करायला सुरुवात केली. पुढे सिगअॅक्शनमध्ये त्यासाठी ‘एसए रीस्टार्ट’ हा पर्याय आला. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचं साधं ‘सिग्नल’ फंक्शन हा पर्याय न विचारता लावून मोकळं होतं. इथे नेमकं तेच झालं: अलार्म वाजतो, हँडलर चालतो, आणि रीड तितक्याच निष्ठेने पुन्हा वाचायला बसतं.

‘ई-इंटर आली की पुन्हा बोलवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. ग्लिबसीत त्यासाठी तयार मॅक्रोसुद्धा आहे. तो डोळे मिटून वापरणं मला धोक्याचं वाटतं. हा सिग्नल मुद्दाम थांबवायला आलाय की वाटेत सहज भेटलाय, हे मॅक्रोला कसं कळणार? अलार्म लावायचा आणि त्याने सोडवलेला कॉल पुन्हा अडकवायचा, म्हणजे अलार्म लावलाच नाही. अलार्म काढून टाकला. आधी ‘पोल’ला मुदत देऊन विचारायचं, काही आलंय का, आलं असेल तरच रीड. एसए रीस्टार्ट लावला तरी पोल स्वतःहून पुन्हा सुरू होत नाही, त्यामुळे मध्येच सिग्नल आला तर उरलेली मुदत मोजून पुन्हा बोलवावं लागतं, आणि ती मोजायची मोनोटॉनिक घड्याळाने. भिंतीवरचं घड्याळ कुणी मागेपुढे केलं तर हिशेब कोलमडतो.

आणि ‘क्लोज’. त्यालाही ई-इंटर येऊ शकते, आणि तिथे पुन्हा बोलवणं ही थेट चूक. लिनक्सवर एरर आली तरी डिस्क्रिप्टर तोवर सुटलेला असतो. दरम्यान दुसऱ्या थ्रेडने फाइल उघडली तर तिला तोच नंबर मिळतो, आणि आपला दुसरा क्लोज त्याची फाइल बंद करून येतो. मग त्याचा राइट फसतो आणि तो बिचारा स्वतःच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो. एचपी-यूएक्सवर अगदी उलट: डिस्क्रिप्टर उघडाच राहतो, पुन्हा बंद करावा लागतो. पॉझिक्सने वर्षानुवर्षं हा प्रश्न अनिर्णित ठेवला होता. २०२४ च्या आवृत्तीत पॉझिक्स-क्लोज नावाचं नवं फंक्शन आणून वाट काढली.

एकच एरर, तीन कॉल, तीन वेगळी उत्तरं. कॉल फसला हे कळणं हा निम्माच भाग. फसल्यावर मागे काय उरलंय, हे प्रत्येक मॅन पेजात वेगळं शोधावं लागतं, आणि तिथेही कधी कधी ते दोन ओळींत उरकलेलं असतं.

२४ जून, मंगळवार

नोंद फाइलमध्ये लिहिली म्हणजे डिस्कवर गेली असं नाही. राइट फक्त कर्नलच्या पानांत टाकतो. डिस्कपर्यंत पोचल्याची खात्री हवी तर एफसिंक. काट्यावर वीज जाणं नवं नाही, त्यामुळे पावती छापण्याआधी एफसिंक हवाच. तो फसला तर? पुन्हा करावा, असं कुणीही म्हणेल. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांनाही तसंच वाटत होतं.

२०१८ च्या मार्चमध्ये क्रेग रिंगर यांनी पोस्टग्रेसच्या विकसकांपुढे हे प्रकरण मांडलं. डिस्कवर लिहिताना बिघाड झाला. कर्नलने पहिल्या एफसिंकला एरर दिली. पोस्टग्रेसने थोड्या वेळाने पुन्हा एफसिंक केलं, या वेळी उत्तर आलं ‘ठीक’. डेटाबेसने सगळं डिस्कवर गेलं असं धरलं आणि पूर्वपदावर आणणारा लॉग पुढे सरकवला. प्रत्यक्षात ती पानं डिस्कवर गेलीच नव्हती. लिहिणं फसलं की लिनक्स त्या पानावरची ‘अजून लिहायचंय’ ही खूण पुसून टाकतो. दुसऱ्या एफसिंकला लिहायला काही उरतच नाही, म्हणून तो खुशाल यशस्वी होतो. खोटंही बोलत नाही तो. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरंच ‘ठीक’ आहे.

कर्नलवाल्यांची बाजूही अगदीच टाकाऊ नाही. यूएसबी ड्राइव्ह उपटून नेला तर त्याची पानं मेमरीत किती काळ सांभाळायची? फ्रीबीएसडीने मात्र ती पानं न लिहिलेलीच मानून ठेवायचं ठरवलं. त्यात आणखी गुंता म्हणजे एरर नेमकी कुणाला कळायची. लिनक्सच्या ४.१३ आवृत्तीत जेफ लेटन यांनी ती व्यवस्था बदलली, म्हणजे त्या वेळी फाइल उघडी ठेवून बसलेल्या प्रत्येकाला एकदा तरी बातमी मिळावी. त्याआधी एकाने विचारलं की दुसऱ्यासाठी ती नाहीशी.

पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत काय केलं, तर एफसिंक फसला की सर्व्हर सरळ कोसळू द्यायचा आणि लॉगमधून सगळं पुन्हा उभं करायचं. जगभरच्या बँका आणि सरकारी कचेऱ्या ज्यावर विसंबून आहेत तो डेटाबेस जवळजवळ दोन दशकं एका साध्या कॉलची एरर चुकीची हाताळत होता, आणि दुरुस्ती ठरली ती ‘मर’ ही. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. पुढची अवस्था माहीत नसताना चालत राहणं हा धीटपणा नव्हे.

काट्यासाठी नियम तोच: एफसिंक फसला की त्या फाइलवर पुन्हा विश्वास नाही, प्रोग्रॅम थांबणार.

२५ जून, बुधवार

टीममधल्या त्या नव्या मुलीने विचारलं की मेमरी मागणारं मॅलॉक कधी फसतं का. लिनक्स मेमरी उधारीवर वाटतो, त्यामुळे बहुतेकदा नल येत नाही. प्रत्यक्ष वापरायला जाल तेव्हा प्रोसेसच मारली जाते. तरीही तपासायचं. एवढंच.

‘फोर्क’ मात्र तिला सविस्तर दाखवला, कारण छपाईसाठी हा प्रोग्रॅम वेगळी प्रोसेस काढतो. फोर्क मूळ प्रोसेसमध्ये मुलाचा, म्हणजे नव्या प्रोसेसचा, नंबर देतो, मुलामध्ये शून्य देतो, आणि फसला तर उणे १. कोडमध्ये शून्य आहे का एवढीच चौकशी. नसेल तर तो मुलाचा नंबर समजून साठवायचा. छपाई अडकली की त्या नंबरला किल पाठवायचं. आता किलचं मॅन पेज वाचा: नंबराच्या जागी उणे १ दिलं तर सिग्नल जातो, परवानगी असलेल्या झाडून सगळ्या प्रोसेसना, पहिली प्रोसेस आणि लिनक्सवर पाठवणारी स्वतः सोडून. आणि हा प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो. प्रोसेसची मर्यादा संपलेल्या दिवशी छपाई अडकली तर काट्याचा अख्खा संगणक रिकामा. ती काही वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “आणि लॉगमध्ये काहीच दिसणार नाही.” बरोबर, फोर्क फसला हे कोडने पाहिलेलंच नसेल.

रूटवरून आठवलं: अधिकार सोडणारा सेटयुआयडीही फसू शकतो. २०१० मध्ये अँड्रॉइडवर हाच डाव टाकला गेला. एडीबीची सेवा अधिकार सोडून ज्या युजरवर उतरते, त्याच्या प्रोसेसची मर्यादा भरून टाकायची, मग ती सेवा पुन्हा सुरू होऊ द्यायची. ती रूट म्हणून जन्मते, अधिकार सोडायला जाते, मर्यादा भरल्यामुळे कॉल फसतो, उत्तर कुणी पाहत नाही, आणि सेवा रूटच राहते. २०११ मध्ये लिनक्सने ही मर्यादा तपासायची जागा बदलली. तरीही सेटयुआयडीचं उत्तर न पाहणारा कोड मी पास करत नाही.

२७ जून, शुक्रवार

या सगळ्याची चाचणी कशी घ्यायची? डिस्क खरोखर भरायची, केबल खरोखर उपटायची, हे एकदा करता येतं, रोज नाही. एसट्रेस हे साधन २०१६ पासून सिस्टिम कॉलमध्ये खोट्या एरर पेरू देतं: तिसऱ्या राइटला जागा नाही म्हण, पहिल्या एफसिंकला इनपुट-आउटपुट एरर दे. प्रोग्रॅमला वाटतं कर्नलच बोलतोय. दिवसभर हेच केलं. त्याहून स्वस्त साधन म्हणजे डेव्ह फोल्डरमधलं ‘फुल’ नावाचं उपकरण, कायम भरलेली डिस्क. पुस्तकातला पहिला ‘हॅलो वर्ल्ड’ तिच्याकडे वळवून बघा. काहीच उमटत नाही आणि प्रोग्रॅम शून्य देऊन, म्हणजे सगळं ठीक सांगून, संपतो. प्रिंटएफने बफरमध्ये टाकलं, त्याचं काम झालं; खरं लिहिणं शेवटी बफर रिकामा होताना फसतं, आणि तेव्हा ऐकायला कुणी नसतं. ग्नूच्या कॅट, एको वगैरे अवजारांत बाहेर पडताना आउटपुट बंद करून त्याचं उत्तर पाहायची सोय मुद्दाम केलेली आहे.

याच कारणाने काट्याच्या प्रोग्रॅममधली रोजची प्रत, जी एफप्रिंटएफने लिहिली जाते, ती कधीच फसलेली दिसत नव्हती. एफक्लोजचं उत्तर आता पाहिलं जातं.

मुख्य नोंदीसाठी एक लहान फंक्शन लिहिलं. लिहिण्याआधी फाइलची लांबी आठवणीत ठेवायची. राइटने कमी लिहिलं तर उरलेलं पुन्हा द्यायचं. मध्येच एरर आली तर फाइल कापून जुन्या लांबीवर आणायची, म्हणजे अर्धवट नोंद मागे राहत नाही. कापणंही फसू शकतं. तसं झालं तर थांबायचं. फोर्टिफाय चालू करून कंपाइल केल्यावर जीसीसीने बाकी कोडमधले दुर्लक्षित राइट एकेक करून दाखवले. पुढे व्हॉइड लावून त्याला गप्प करायला गेलं तरी तो बधत नाही, हे फार बरं आहे.

३० जून, सोमवार

कारखान्यात बैठक. नवा क्रम मांडला: नोंद, एफसिंक, मगच पावती. यातलं काही फसलं तर पडद्यावर लाल अक्षरात कारण, पावती नाही.

काट्यावरचे क्लार्क तीस हंगाम पाहिलेले गृहस्थ. म्हणाले, “साहेब, रात्री दोनला गाड्यांची रांग गेटाबाहेर गेलेली असते. तुमचा प्रोग्रॅम थांबला तर बैलगाडीवाले मला सोडतील का?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सी भाषेत नाही. शेती खात्याचे अधिकारी म्हणत होते की पावती निघू द्या, नोंद मागाहून हाताने भरू. त्यावर क्लार्कच म्हणाले, “मागाहून कोण भरतंय? बिलाच्या दिवशी शेतकरी माझ्याच अंगावर येतो.”

ठरलं ते असं. डिस्क नव्वद टक्के भरली की दिवसपाळीलाच इशारा. प्रोग्रॅमसाठी डिस्कचा वेगळा भाग, लॉग दुसरीकडे. प्रोग्रॅम थांबला तर वजन इंडिकेटरवर दिसतंच. ते कार्बन प्रतीच्या हातपावतीवर लिहायचं, क्लार्क आणि गाडीवान दोघांची सही घ्यायची. कारखान्याने हातपावतीची पुस्तकं छापून काट्यावर ठेवायचं मान्य केलं आहे. नवा प्रोग्रॅम गाळप सुरू व्हायच्या आधी बसेल.